न झालेला आवाज

टाकी उडाली. वेल्डरची उरलीसुरली अर्धी भुवई गेली, घरमालकांच्या मोटरसायकलच्या टाकीला पोट सुटलं आणि वेल्डरला जागा खाली करावी लागणार हे नक्की झालं.

आता हे विसरून जा. असं काहीही झालेलं नाही. त्या गल्लीची अधिकृत भूमिका आजही तीच आहे, आणि गोष्ट सांगणाऱ्यानं उगाच गल्लीशी वैर घेऊ नये. तेव्हा आपण मागे जाऊ. टाकी अजून सपाट होती आणि वेल्डर फक्त दमलेला होता, तिथपर्यंत.

दमलेला तो बाराही महिने असे. सकाळी उठायचा तोच आदल्या दिवशीचा उरलेला शीण घेऊन, आणि रात्री झोपायचा तो दुसऱ्या दिवशीचा थोडा आगाऊ उचलून. गल्लीत त्याला दीडभुवई म्हणत. उजवी भुवई पुरी होती. डावी अर्धी होती, कारण तिचा बाहेरचा भाग काही वर्षांपूर्वी एका टाकीनं नेला होता.

त्या टाकीच्या मालकानं गळ्याला हात लावून सांगितलं होतं, “रिकामी आहे हो, थेंबसुद्धा नाही आत.” थेंब खरंच नव्हता. पण पेट्रोल गेलं म्हणून त्याची वाफ जात नाही. ती सांध्यात, गंजाच्या पापुद्र्याखाली दबा धरून बसते आणि ज्योत दिसली की पाहुण्यासारखी बाहेर येते. भरलेली टाकी निदान हलवली की बोलते. रिकामी गप्प बसते, आणि माणूस फसतो.

वेल्डरची शेड घरमालकांच्या घरामागे, जिन्याला टेकून होती. अर्ध्या शेडमध्ये तो आणि त्याचे सिलिंडर, अर्ध्यात त्याची बायको आणि तिचं शिलाई मशीन. ती मोटरसायकलींच्या सीटची कव्हरं शिवायची. शेडमागच्या एका खोलीत दोघांचा संसार होता. तो पहिला आवाज झाला तेव्हा घरमालक जिन्यावरून अर्ध्यापर्यंत उतरले होते आणि तिथूनच त्यांनी आदेश काढला होता. ते कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाले होते, पण त्यांच्या तोंडातून खातं अजून निवृत्त झालेलं नव्हतं.

“सदरहू जागेत पुनश्च आवाज झाल्यास,” ते म्हणाले होते, “जागा दुसऱ्या दिवशी रिकामी करण्यात यावी.”

नवराबायकोनं तेव्हा दुसरी जागा शोधून पाहिली होती. वेल्डिंगचं नाव काढलं की समोरच्याचा चेहरा पडायचा आणि सिलिंडर म्हटलं की दार. एका घरमालकानं तर “नको, आमच्याकडे लग्नाची मुलगी आहे,” असं कारण दिलं. वेल्डर त्यावर बरेच दिवस विचार करत होता. सिलिंडर स्थळ म्हणून इतका वाईट नव्हता, निदान आतून भरलेला तरी होता. पण जागा मिळाली नाही ती नाहीच. ही गेली तर मशीन, सिलिंडर आणि संसार रस्त्यावर येणार, हे दोघांनाही पाठ झालं होतं. म्हणून त्यानं टाक्या घेणंच सोडून दिलं. गेट, खुर्च्या, पाळणे, काय वाटेल ते आणा, टाकी नको.

आणि मग एके दिवशी घरमालक स्वतःच काखेत टाकी मारून जिना उतरले.

“ही गळते,” ते म्हणाले.

“काका, मी टाकी घेत नाही. तुम्हीच बंद करवलंत.”

“मी आवाज बंद करवला. टाकी नाही.”

“टाकीत आवाज असतोच आत.”

“मग तो बाहेर न काढता काम कर. हे बघ, झाकणाच्या कडेला गंजून भोक पडलंय. ब्रेक दाबला की पेट्रोल उसळून थेट पँटवर. या वयात लोक भलताच अर्थ काढतात.”

“नवी टाकी घेऊन टाका ना.”

“ही मूळची आहे.”

“भोकात लांबी भरून देऊ?”

“मी भरली होती. पेट्रोलनं खाल्ली.”

वेल्डरनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं मशीनच्या सुईकडे पाहिलं. घरमालकाला नाही म्हणायला जी जागा लागते, ती त्या दोघांकडे घरमालकाचीच होती.

“आणि आवाज झाला तर?” वेल्डरनं विचारलं.

“नियम तो नियम.”

“म्हणजे टाकी तुमची, जागा तुमची, आणि उडालो तर बाहेर मी?”

“उडालास तर बाहेरच जाशील,” घरमालक म्हणाले. आतलं पेट्रोल त्यांनी आधीच एका कॅनमध्ये काढून वर बाल्कनीत ठेवलं होतं. त्यांच्या मते अर्धं काम तिथेच झालं होतं.

मग धुणं सुरू झालं. वेल्डरच्या उस्तादानं त्याला टाकी धुवायला शिकवलं होतं ते मारून मारून, आणि पहिल्या आवाजानं त्याची उजळणी करून घेतली होती. त्यानं झाकण काढलं, पेट्रोल सोडायचा खालचा कॉक काढला, त्या भोकाला लाकडाचं बूच मारलं. बायको आत पाणी तापवत होती. उकळतं पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि आत मूठभर नट, गंज खरवडायला. मग हे सगळं खांद्यावर घेऊन खुळखुळ्यासारखं हलवायचं. ओतायचं. पुन्हा भरायचं. घरमालकांनी एवढं मोठं बाळ त्याच्या खांद्यावर दिलं होतं आणि ते काही केल्या झोपत नव्हतं.

“अजून किती?” बायकोनं पातेलं आणत विचारलं.

“पाणी नितळ येईपर्यंत.”

“मघाशी आलं होतं की नितळ.”

“ते दिसायला. वासाला नाही.”

वासाचं खातं बायकोकडे होतं. वेल्डरचं नाक जस्ताच्या पत्र्यांच्या धुरानं कधीच कामावरून कमी केलं होतं. त्याला भात करपलेला कळायचा तो फक्त चवीनं. बायकोचं नाक मात्र असं, की शेजारी दूध उतू जायच्या आधी हिला कळायचं. ती टाकीच्या तोंडावर वाकायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची.

“आहे अजून. तिकडे मागच्या कोपऱ्यात बसलंय.”

“कोपरासुद्धा कळतो तुला?”

“संसारात कुणी कुठे रुसून बसलंय ते कळतं, हे तर पेट्रोल आहे. हलवा.”

तो हलवायचा. उस्ताद म्हणायचा, नाकानं दिलेली परवानगी ही पहिली, शेवटची नाही. शेवटची पाण्याची. टाकीत पाणी तोंडातून उतू जाईपर्यंत भरायचं, त्याच्याबरोबर वर तरंगणारं जे काही असेल ते वाहून जाऊ द्यायचं, आणि मग ज्योतीपुरतं दोन बोटं पाणी काढायचं. आत वाफेला उभं राहायला जागाच ठेवायची नाही. आणि हे सगळं ज्योत पेटवायच्या अगदी आधी करायचं. उस्ताद आठवला की वेल्डरचा खांदा आणखी दुखायचा.

शेवटी बायको म्हणाली, “आता नुसता साबण.” तेव्हा टाकी वाळवायची ठरली. शेडमध्ये ऊन येत नव्हतं. ऊन होतं ते फक्त वर, घरमालकांच्या गच्चीवर. आणि गच्चीवर राज्य होतं घरमालकीणबाईंचं.

काकूंसारखं मायाळू माणूस गल्लीत नव्हतं, आणि तीच अडचण होती. आयुष्यात त्यांनी कुणाचं भांडं रिकामं परत केलेलं नव्हतं. खालून वाटी वर गेली की खाली येताना भरून यायची. ते सगळ्याच घरात असतं. पण काकूंचा नियम वाटीशी थांबत नव्हता. एकदा वेल्डरचं ड्रिल मशीन त्यांच्याकडे पडदा लावायला गेलं, ते पेटीत लिंबं घेऊन परत आलं. हेल्मेट गेलं, ते शेंगदाणे घेऊन आलं. एकदा तर शिडी गेली. शिडीत काय भरणार, असं वेल्डरला वाटलं होतं. तिच्या प्रत्येक पायरीला एकेक मोगऱ्याचं फूल बांधून ती खाली आली, आणि वेल्डर दिवसभर सुवासिक उंचीवर काम करत होता.

“ठेव रे इथे कठड्यापाशी,” काकू टाकी पाहून म्हणाल्या. “किती खंगलायस! झोपत नाहीस का?”

“खांदा झोपू देत नाही, काकू.”

“मी बघते टाकीकडे. तू निर्धास्त राहा.”

टाकी दिवसभर ऊन खात राहिली. संध्याकाळी बायको वर जाऊन हुंगून आली.

“काही नाही. साबणसुद्धा गेला.”

“घेऊन येऊ?”

“आणा ना. झालंच की.”

पण वेल्डर म्हणाला, “राहू दे. उद्या सकाळचं ऊन आणखी खाऊ दे. जागेचा प्रश्न आहे.” एवढी खबरदारी त्यानं घेतली नसती, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

सकाळी काकू स्वतः टाकी घेऊन उतरल्या. तोंडावर स्वच्छ फडकं बांधलेलं, अगदी बरणीसारखं. “धूळ जाऊ नये म्हणून,” त्या म्हणाल्या आणि पदरानं टाकीवरचा एक डाग पुसून वर निघून गेल्या.

बायको त्या वेळी रेक्झिन चिकटवत होती आणि शेडभर सोल्युशनचा वास सुटला होता. वेल्डरनं टाकी उचलून बाहेर अंगणात नेली, कारण सोल्युशनजवळ ज्योत पेटवण्याइतका तो अजून दमलेला नव्हता. सिलिंडर लांब, नळी ताणून. बाजूला वाळूची बादली, भिजवलेलं पोतं. सगळं उस्तादाच्या डोळ्यांदेखत असावं तसं.

“अगं, हुंगून जातेस का एकदा?” त्यानं आत हाक मारली.

“माझ्या नाकात सोल्युशन बसलंय. थोडं थांबा, हात झाले की येते.”

“काल हुंगलंस ना?”

“काल हुंगलं. आज थांबा.”

वरच्या बाल्कनीतून घरमालकांचा आवाज आला, “प्रगती काय आहे?”

“होतंय काका!”

“गेले कित्येक दिवस ‘होतंय’ याच टप्प्यावर आहे ते.”

वेल्डरला एकदम असं वाटलं, की हे आत्ता संपलं पाहिजे. टाकी नको, घरमालक नको, ‘होतंय’ नको. हे संपवून पोत्यावरच आडवं व्हावं. काल वास नव्हता. रात्रीतून टाकीत वास कुठून येणार? टाकी काही रात्री बाहेर फिरायला जात नाही. त्यानं फडकं सोडलं आणि लहानशा बादलीनं पाणी ओतायला घेतलं. शेवटच्या बादलीला खांद्यानं राजीनामा दिला. पाणी तोंडाच्या थोडं खालपर्यंत आलं होतं. उतू जायला आणखी एक बादली हवी होती, आणि मग तीच दोन बोटं पुन्हा काढायची होती. आधी घालायचं आणि मग काढायचं, याला काही अर्थ आहे का? उस्ताद हयात असता तर अर्थ सांगितला असता, हातात पाना घेऊन.

वेल्डरनं चष्मा लावला, पितळेची कांडी घेतली आणि ज्योत पेटवली.

आता इथे जे झालं नाही, ते असं.

आधी टाकी शिंकली. मग तिच्या तोंडातून एक निळसर जीभ बाहेर आली, तिच्यामागून सगळं पाणी खांबासारखं उभं राहिलं, बाल्कनीत टांगलेली घरमालकांची इस्त्रीची पँट भिजवून खाली आलं, आणि ‘धाड्’ असा आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन परत आला. वेल्डरनं सवयीनं आधी गॅस बंद केला आणि मग बसला. तेवढ्यात त्याच्या डोक्यावर ओलं पोतं येऊन पडलं.

“डोळे उघडा!” बायको ओरडत होती. “अहो, डोळे उघडा आधी!”

“उघडेच आहेत.”

“मग बघा माझ्याकडे!”

“तू पोतं टाकलंयस.”

तिनं पोतं ओढलं. चष्म्यामागे डोळे दोन्ही होते, उघडे होते, आणि फार थकलेले होते. डावी अर्धी भुवई नव्हती. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला, मग त्याच हातानं त्याला एक चापट मारली, आणि मग त्याच्याशेजारी चिखलात बसली.

“थांबा म्हटलं होतं ना मी?”

“हो.”

“आता कुठे जायचं आपण?”

वेल्डर टाकीकडे बघत होता. दोन्ही बाजूंनी ती फुगली होती, जेवणावळीवरून आलेल्या माणसासारखी. आत पाणी होतं म्हणून नुसती फुगली. कोरडी असती तर चापट खायला गाल राहिला नसता, एवढं त्याला बसल्याबसल्या कळलं. पण वास नसलेल्या टाकीत पेट्रोल आलं कुठून, ते कळत नव्हतं.

घरमालक जिन्यावरून अर्ध्यापर्यंत उतरले. आदेश काढायची त्यांची जागा तीच होती.

“आवाज झाला,” ते म्हणाले.

“हो काका.”

“यापूर्वी दिलेल्या सूचनेनुसार…”

“काका, टाकी धुतली होती. देवाशप्पथ. हिनं हुंगली होती.”

“मी हुंगली होती,” बायको उठत म्हणाली. “काल संध्याकाळी तुमच्याच गच्चीवर. एक कण नव्हता. आमचं सामान काढायचं तर काढा, पण माझ्या नाकावर आळ नको.”

“नाक हा प्रस्तुत विषय नाही. उद्यापासून सदरहू जागा…”

“काय रे, पुरलं का पेट्रोल?”

काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. हातात पेट्रोलचा कॅन होता.

वळचणीवरून पाणी ठिबकत होतं.

“थोडंसंच घातलं होतं मी,” काकू म्हणाल्या. “पोरानं एवढी घासूनपुसून लखलखीत केली, आणि आपण ती रिकामी हातात द्यायची? बरं दिसतं का? आधी साखर घालणार होते चिमूटभर. पण साखरेनं इंजिन बिघडतं म्हणतात. म्हटलं, ज्याचं त्याला द्यावं. कमी पडलं का? आणखी देऊ?”

“नको!” तिघं एकदम म्हणाले.

वेल्डरला तेव्हा सगळा हिशेब दिसला. पेट्रोल पाण्यावर तरंगलं होतं. त्यानं बादलीमागून बादली ओतून ते स्वतःच्या हातानं उचलत उचलत बरोबर ज्योतीखाली आणून ठेवलं होतं. एक बादली आणखी, आणि ते उतू जाऊन अंगणात गेलं असतं. बायकोचे हात मोकळे होईपर्यंतची एक उसंत, आणि ते तिच्या नाकात गेलं असतं.

“आणि मघाशी कसला रे आवाज झाला?” काकूंनी विचारलं.

घरमालकांनी वर पाहिलं. मग खाली पाहिलं. वर त्यांचा संसार होता, खाली त्यांचा नियम. नियम पाळायचा तर आवाज का झाला हे सांगावं लागणार होतं, आणि ते ऐकून ती बाई पुढे कधी कुणाच्या हातात निर्धास्तपणे एक वाटीसुद्धा देऊ शकली नसती. घरमालकांनी कठडा घट्ट धरला. खात्यात असतानाही त्यांनी इतका मोठा निर्णय घेतला नसावा.

“कसला आवाज?” ते म्हणाले.

“अहो, केवढ्यानं झाला की!”

“आवाज झालेला नाही. मी इथेच उभा आहे. काय रे, झाला का आवाज?”

वेल्डरच्या कानात अजून घंटा वाजत होत्या. “काय म्हणालात?” त्यानं विचारलं.

“बघ. त्यालाही ऐकू आला नाही.”

एवढ्यात गल्लीच्या तोंडाचा इस्त्रीवाला धावत अंगणात आला, हातात इस्त्री तशीच.

“काय उडालं?”

“काहीही उडालेलं नाही,” घरमालक म्हणाले.

इस्त्रीवाल्यानं फुगलेली टाकी पाहिली, ठिबकणारा पत्रा पाहिला, भिजलेली पँट पाहिली. “मग ही पँट?”

“धुतली आहे.”

“सकाळी मीच इस्त्री करून दिली होती की!”

“पुन्हा धुतली. तू जा, तुझ्या हातातली थंड होतेय.”

अशा रीतीनं आवाज झाला नाही, आणि जो झालाच नाही त्यासाठी जागा कशी खाली करवणार? वेल्डरची अर्धी भुवई मात्र परत आली नाही. खरं तर आता त्याला एकभुवई म्हणायला हवं होतं. पण काही घडलेलंच नसल्यामुळे गल्ली त्याला दीडभुवईच म्हणत राहिली. काकूंना कुणी काही सांगितलं नाही. बायकोनं त्यांच्याकडे बघून फक्त एक मोठा श्वास घेतला, आणि त्यात पेट्रोलचा वास स्पष्ट होता.

संध्याकाळी घरमालक खाली आले, या खेपेला पूर्ण जिना उतरून. त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली, पोटावर टिचकी मारली.

“हिच्यात आता लिटरभर जास्त मावेल,” ते म्हणाले.

“मावेल.”

“म्हणजे सुधारणाच म्हणायची.” त्यांनी झाकणाच्या बाजूकडे बोट केलं. “भोक बुजलं का?”

वेल्डरनं वाकून पाहिलं. गोष्टीत एवढं सगळं न झाल्यावर निदान भोक तरी बुजायला हवं होतं. ते तसंच होतं, उलट थोडं मोठं झालं होतं.

“नाही,” तो म्हणाला.

“मग?”

“मग काय. पुन्हा धुवायची.”

आतून पाणी तापायला ठेवल्याचा आवाज आला. बायकोनं न सांगताच पातेलं चढवलं होतं. वेल्डरनं दुसरा खांदा पुढे केला, कारण पहिल्याचा राजीनामा मंजूर झाला होता.

“आणि वाळवायला?” घरमालकांनी हळूच विचारलं.

दोघांनीही वर पाहिलं. ऊन फक्त गच्चीवरच येत होतं. गच्चीवरून काकू खाली बघून हसत होत्या, आणि कॅन त्यांच्या बाजूलाच कठड्यावर होता.

घरमालकांनी मग एक पत्र्याचा तुकडा मागितला, मजकूर तोंडी सांगितला आणि वेल्डरनं तो ब्रशनं उतरवला. पाटी जिन्याच्या तोंडाशी, येताजाता दिसेल अशी लावली. काकूंनी चष्मा लावून ती सावकाश वाचली. “बरोबर आहे हो,” त्या म्हणाल्या, “लोक कशातही काहीही घालतात.” रंगाचा रिकामा डबा त्यांचा होता, तो त्या घेऊन वर गेल्या. पाटी अशी होती:

विनंती. सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदरहू ठिकाणी दुरुस्तीस आलेली टाकी ही रिकामीच असणे आवश्यक आहे. तरी कोणीही, कोणत्याही कारणास्तव व कितीही मायेने, तीत काहीही घालू नये. तसेच काम पूर्ण होईपर्यंत प्रस्तुत वेल्डरास कोणत्याही प्रकारची मदत न करता थोडा वेळ नुसते बसू द्यावे, ही नम्र विनंती.